उरलेल्या ओळी थांबतात कुठे?

पाचशे ओळींवर नीट चाललेला माझा एक प्रोग्रॅम खऱ्या डेटावर पहिल्याच रात्री आडवा झाला. काम साधं होतं. पोस्टग्रेस डेटाबेसमधून वर्षभराचे व्यवहार काढायचे आणि फाइलीत लिहायचे. सकाळी लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि फाइल पूर्ण रिकामी. चाळीस लाखांतली एकही ओळ लिहून झाली नव्हती.

ही रिकामी फाइलच खरी खूण होती. कोडमध्ये लूप होता, एक ओळ घ्या, लिहा, पुढची घ्या. मग निदान पहिल्या काही हजार तरी दिसायला हव्यात की! पण पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर (प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातला दुवा), वेगळं काही सांगितलं नाही तर, क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीचा, सगळा निकाल आधी स्वतःच्या मेमरीत ओढून घेतो आणि मगच पहिली ओळ तुमच्या हातात देतो. एक ओळ १ किलोबाइटची धरली तरी चाळीस लाखांचे ४ जीबी होतात.

यावर उपाय म्हणजे फेच साइझ. ड्रायव्हरला सांगायचं, एका खेपेला हजारच ओळी आण. मी सांगितलं, आणि दुसऱ्या रात्री प्रोग्रॅम पुन्हा कोसळला. ऑटोकमिट चालू होतं, म्हणजे प्रत्येक आज्ञेनंतर तिचं ट्रान्झॅक्शन (एकसंध धरलेलं काम) आपोआप पूर्ण होत होतं, तिथेच घोडं पेंड खात होतं. गठ्ठ्यागठ्ठ्याने वाचायचं तर सर्व्हरवर एक कर्सर (कुठवर वाचलं याची नोंद) उघडा राहावा लागतो, आणि तो ट्रान्झॅक्शन संपलं की मिटतो. त्यामुळे ऑटोकमिट चालू असताना हा ड्रायव्हर फेच साइझकडे सरळ दुर्लक्ष करतो. तक्रारीचा एक शब्दही काढत नाही, हे मला आजही पटलेलं नाही.

गठ्ठा केवढा असावा? सर्व्हरपर्यंतच्या एका खेपेला १ मिलिसेकंद धरू. एकेक ओळ आणली तर नुसत्या ये-जा करण्यात तासाहून जास्त जातो. दहा-दहा आणल्या (ओरॅकलच्या जावा ड्रायव्हरचा मूळ आकडा हाच) तर पावणेसात मिनिटं. हजार-हजार आणल्या तर ४ सेकंद. दहा हजारांवर गेलात तर वाचतात जेमतेम साडेतीन सेकंद, आणि मेमरी लागते दहापट. म्हणून मी बहुतेक वेळा हजारावरच थांबतो.

मग उरलेल्या ओळी कुठे असतात? साध्या क्वेरीत बऱ्याचदा कुठेच नाही. कर्सर म्हणजे वाचता वाचता पुस्तकात घातलेली खूण. तुम्ही मागाल तेव्हा सर्व्हर पुढची पानं उलटतो. मात्र क्वेरीत 'ऑर्डर बाय' (ओळी क्रमाने लावून द्या) असेल आणि त्याला साजेसा इंडेक्स (आधीच क्रमाने लावलेली सूची) नसेल, तर सगळ्या ओळी लावून झाल्याशिवाय पहिली कोणती हेच ठरत नाही. पहिला गठ्ठा तंगवतो, पुढचे भराभर येतात.

कर्सर तासन्‌तास उघडा ठेवला तर दुसरंच दुखणं. तुम्हाला सुरुवातीच्या क्षणाचं चित्र दिसत राहावं म्हणून मधल्या काळात बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती सर्व्हरला फेकता येत नाहीत. व्हॅक्यूमचं, म्हणजे अशा जुन्या प्रती झाडून काढण्याचं, काम अडतं, टेबलं फुगतात.

कर्सर नको म्हणून काही जण 'लिमिट' (किती ओळी हव्यात) आणि 'ऑफसेट' (आधीच्या किती सोडायच्या) वापरतात. ऑफसेट ३९ लाख दिला की सर्व्हर तेवढ्या ओळी खरंच ओलांडतो आणि टाकून देतो, दर गठ्ठ्याला नव्याने. त्यापेक्षा शेवटचा आयडी लक्षात ठेवावा आणि 'याच्या पुढच्या हजार, आयडीच्या क्रमाने' असं मागावं. इंडेक्समुळे सर्व्हर थेट त्या जागी उतरतो. शिवाय प्रोग्रॅम मध्येच मेला तरी तिथूनच पुढे सुरू करता येतो.

माझा रात्रीचा प्रोग्रॅम आता असाच चालतो. फक्त महिनाअखेरच्या ताळ्याला मी अजून कर्सरच उघडतो, कारण दोन गठ्ठ्यांच्या मध्ये कुणी एखादी जुनी नोंद दुरुस्त केली तर बेरीज जुळत नाही.