पार्श्वभूमी : ‘गोधा’ म्हणजे घोरपड की धनुर्धराचा हातपट्टा?

सुटलेल्या दोरीच्या फटक्यापासून हात वाचवणाऱ्या ज्या पट्ट्याला ठाण्यात आणि नवी मुंबईत तिरंदाजी शिकणारी मुले सरसकट ‘आर्मगार्ड’ म्हणतात, त्याला मराठी माहितीपत्रकात काय म्हणायचे हा विषय निघाला की कुणीतरी ‘गोधा’ सुचवतो. लगेच हरकत येते, की गोधा म्हणजे तर घोरपड! हरकत बिनबुडाची नाही. संस्कृतात त्या प्राण्याचे हेच नाव आहे आणि हिंदीतला ‘गोह’ त्यातूनच आला. पण तेवढ्यावरून शब्द निकालात काढणे घाईचे होईल.

सर्वांत जुना शब्द आहे ‘हस्तघ्न’. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या 75व्या सूक्तात चिलखत, धनुष्य, दोरी, भाता यांची एकेक करून स्तुती येते. तिथे हस्तघ्न सापासारखा हाताला वेढे घालून दोरीचा मार परतवतो, असे म्हटले आहे. म्हणजे तो गुंडाळायचा पट्टा असावा. पुढे तलत्र, ज्याघातवारण (दोरीचा मार अडवणारा) असे शब्द आले. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात धनुष्याबरोबर ‘हस्तावाप’ आणला जातो.

खरा गुंता ‘बद्धगोधाङ्गुलित्राण’ या समासात आहे. विश्वामित्रांच्या मागून निघालेल्या राम-लक्ष्मणांना रामायणात हे विशेषण लावले आहे, महाभारतातही ते भेटते. त्याची फोड दोन तऱ्हांनी होते. घोरपडीच्या कातड्याचे अंगुलित्राण बांधलेले, ही एक. गोधा आणि अंगुलित्राण, दोन्ही बांधलेले, ही दुसरी. भाषांतरांत पहिली रुळली आणि मुलांच्या गोष्टींतही घोरपडीच्या कातड्याचे हातमोजे आले. मला दुसरी फोडच योग्य वाटते. अंगुलित्राणाने बोटे वाचतात, पण सुटलेली दोरी फटकारते ती धनुष्य धरलेल्या हाताला, मनगटाच्या वर, कोपराच्या आतल्या बाजूला. नुसती बोटे झाकून निघालेला धनुर्धर पटत नाही. शिवाय अमरकोशाने क्षत्रियवर्ग या प्रकरणात, धनुष्याच्या सामानातच, गोधा हा शब्द ज्याघातवारणाच्या अर्थाने दिला आहे. चिवट कातड्यावरून नाव पडले असणे शक्य आहे. मात्र नाव एकदा वस्तूला चिकटले, की ती कशाची केली आहे याला महत्त्व उरत नाही.

पट्टा बांधूनही हात वाचतच असे, असे नाही. विराटपर्वात अज्ञातवासाला निघताना अर्जुनाला चिंता पडते ती दोन्ही हातांवरच्या दोरीच्या घट्ट्यांची. ते बांगड्यांनी झाकायचे तो ठरवतो. युद्धवर्णनांत ‘ज्यातलनिर्घोष’ वारंवार येतो. हा आवाज पट्ट्यावर आपटणाऱ्या दोरीचा की तळहाताचा, यावर एकमत नाही. आजच्या प्रशिक्षकाला मात्र पट्ट्यावर दोरी वाजलेली चालत नाही. कोपर नीट वळलेले नाही, हे तो त्या आवाजावरून ओळखतो.

मधल्या काळात फारसीतून ‘दस्ताना’ आला. पण ते तलवारीच्या वारापासून हात राखणारे पोलादी कवच. संग्रहालयातली अशी जोडी पाहून तिला तिरंदाजाचा पट्टा समजू नये. इंग्रजीतला ‘ब्रेसर’ फ्रेंचमधल्या हाताच्या शब्दावरून आला आहे. 1545च्या एका इंग्रजी पुस्तकात त्याचे उपयोग दिले आहेत. हाताला फटका बसू नये, अंगरखा झिजू नये आणि दोरी गुळगुळीत पृष्ठावरून झटकन सरकावी. आज सैल बाहीचा शर्ट घालून आलेल्या मुलाला पट्टा सक्तीने बांधायला लावतात, त्यामागे यातली काही कारणे आहेत.

1972मध्ये तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली आणि 1988च्या सोलमध्ये भारतीय तिरंदाज प्रथम उतरले. आधुनिक धनुष्ये परदेशी बनावटीची, त्यामुळे सुट्या भागांची नावेही इंग्रजीच राहिली. ‘आर्मगार्ड’ असाच रुळला. आता तो बहुधा प्लॅस्टिकचा असतो आणि इलॅस्टिकच्या पट्ट्यांनी बसवतात.

ठाण्याला लागूनच असलेल्या येऊरच्या जंगलात घोरपड आहे. तिला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तरीही तिच्या अवयवांची चोरटी विक्री होते. म्हणून घोरपडीच्या कातड्याची आठवण करून देणारा ‘गोधा’ नको, हा वन्यजीवप्रेमींचा आक्षेप शब्दार्थाच्या हरकतीपेक्षा मला जास्त वजनदार वाटतो. माहितीपत्रकात ‘गोधा’ घ्यायचाच असेल, तर शेजारी ‘हातपट्टा’ लिहावे आणि तो घोरपडीच्या कातड्याचा नसतो, हे त्याच ओळीत सांगावे.