गंजलेल्या गाड्या आणि वॉटरकलर: हे वेड आलं कुठून?

यूट्यूबवर वॉटरकलरचे डेमो बघणाऱ्यांना एक विषय पाठ झालेला असतो: गवतात रुतलेला जुना शेवरोले नाहीतर फोर्डचा पिकअप, टायर बसलेले, एक हेडलाइट गायब आणि बॉनेटवरून गंज ओघळतोय. बरेच जण धरून चालतात की हे इन्स्टाग्रामच्या काळातलं खूळ आहे. पण याचं मूळ गाड्यांच्याही आधीचं आहे, पार अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधलं.

तेव्हा तिथे पडक्या इमारती बघायला जायची टूम निघाली होती. विल्यम गिल्पिन नावाचे एक पाद्री होते, त्यांनी १७८२ मध्ये वाय नदीकाठच्या प्रवासाचं पुस्तक काढलं आणि चित्रात शोभेल असं काय असतं हे लोकांना शिकवायला घेतलं. गुळगुळीत, धडधाकट, नवंकोरं ते नको. खडबडीत, तुटकं, शेवाळलेलं ते हवं. टिंटर्न ॲबी हा पडका मठ बघून तर त्यांनी चक्क लिहिलं की भिंतींची त्रिकोणी टोकं फारच शाबूत आहेत, कुणी हातोड्याने जरा बेताने फोडली तर बरं दिसेल, पण एवढी हिंमत कोण करणार! पुढे नावाजलेला इंग्लिश चित्रकार टर्नर विशीच्या आतच तिथे जाऊन स्केचेस करून आला आणि त्यावरून त्याने वॉटरकलर केले. त्याच सुमाराला रंगाच्या वड्या मिळायला लागल्या होत्या, लंडनच्या रीव्ह्ज या रंग बनवणाऱ्या भावांना त्यासाठी १७८१ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सचं बक्षीस मिळालं, म्हणजे आता रंग घोटत बसायला नको, पेटी खिशात टाका आणि पडक्या जागी जाऊन बसा. वॉटरकलर आणि मोडकळीला आलेल्या वस्तू यांचं सूत तिथे जुळलं.

गाड्यांपर्यंत यायला मात्र दीडशे वर्षं गेली, कारण आधी गाड्या बनायला हव्यात आणि मग भंगारात जायला हव्यात ना. माझ्या मते खरी सुरुवात इंग्लिश चित्रकार एरिक रॅव्हिलियसपासून धरावी. हा आणि त्याचा मित्र एडवर्ड बॉडन १९३०च्या दशकात एसेक्सच्या खेड्यांमध्ये राहून वॉटरकलर करायचे, आणि दोघांनाही छान निसर्गदृश्यापेक्षा कुणी ढुंकून बघणार नाही अशा गोष्टींची ओढ. १९३४ मध्ये रॅव्हिलियसने टाकून दिलेल्या दोन वाहनांची चित्रं केली, 'टॅलबॉट-डॅरॅक' आणि 'नंबर २९ बस'. आता गंमत बघा, टॅलबॉट-डॅरॅक हे गाडीचं नावच १९२० नंतरचं, म्हणजे ती गाडी फार तर चौदा वर्षांची असणार. आपल्याला आज ती अँटिक वाटते, त्याच्यासाठी ती परवापरवापर्यंत रस्त्यावर धावणारी आणि आता निव्वळ भंगार झालेली वस्तू होती. त्यामुळे त्याच्या कामात 'गेले ते दिवस' असा गळा काढणं नाही. रंगही कमी, बराचसा कोरडा ब्रश, रेघांवर रेघा आणि मधून कागदाचा पांढरा तसाच सोडलेला. आजच्या डेमोंमध्ये जो गंजाचा नुसता धबधबा असतो त्यापेक्षा मला हे कितीतरी उजवं वाटतं. शिवाय ससेक्समध्ये त्याने जुने घोड्याचे वॅगन विकत घेऊन, मैत्रिणीच्या कॉटेजजवळ ओढून आणून, राहायला आणि काम करायला वापरले होते, म्हणजे ही आवड नुसती कागदापुरती नव्हती.

रॅव्हिलियसला आर्ट कॉलेजात शिकवायला होता पॉल नॅश, आणि पुढचा टप्पा त्याचाच. १९४० मध्ये सरकारने त्याला युद्धचित्रकार म्हणून नेमलं तेव्हा त्याने पाडलेल्या जर्मन विमानांचे वॉटरकलर केले, 'बॉम्बर इन द कॉर्न' त्यातलंच. ऑक्सफर्डजवळ काउलीला विमानांचं भंगार साठवायचे, ते बघून मग मोठं ऑइल पेंटिंग झालं, 'टोटेस मीर', पत्र्यांच्या लाटांचा समुद्रच. (विमान ॲल्युमिनियमचं, त्याला गंज चढत नाही, पण घराणं तेच.)

अमेरिकेत चित्रकार एडवर्ड हॉपर १९२०च्या दशकात वॉटरकलरमध्ये ट्रॉलर (मासेमारीच्या बोटी) आणि रेल्वे इंजिनं करत होता, मंदीच्या काळात वॉकर इव्हान्सने पेनसिल्व्हेनियातल्या गाड्यांच्या स्मशानाचा फोटो काढला, पुढे फोटोरिअलिस्ट मंडळींमध्ये, म्हणजे हुबेहूब फोटोसारखी चित्रं काढणाऱ्यांमध्ये, जॉन सॉल्टने मोडक्या गाड्या हाच आपला विषय केला, पण एअरब्रशने, म्हणजे रंग फवारून. कोरड्या हवेच्या भागात पत्रा लवकर खाल्ला जात नाही, म्हणून तिकडच्या शेतांमध्ये जुने ट्रक अजून उभे दिसतात आणि डेमोंमध्ये सारखे तेच येतात.

आता रंगाच्या पेटीकडे येऊ. गंज म्हणजे पाणी धरलेलं लोखंडाचं ऑक्साइड. यलो ऑकर आणि रॉ सायना हे पिवळट मातीचे रंग, आपली काव, सगळ्यांचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचाच. रॉ सायना भाजली की त्यातलं पाणी उडतं, ती लाल होते आणि बर्न्ट सायना मिळते. थोडक्यात गंज दाखवायला आपण गंजाच्याच भावंडाला ब्रशवर घेतो. ओल्या वॉशमध्ये (पातळ रंगाच्या थरात) बर्न्ट सायनाचा थेंब सोडला की तो आपोआप खाली ओघळतो, पत्र्याच्या सांध्यातून गंज उतरतो अगदी तसा. त्यात अल्ट्रामरीन हा निळा मिसळलं की ते दाणेदार बसतं आणि खवले धरलेल्या लोखंडाचा पोत फुकटात मिळतो. इथे ऑइल आणि ॲक्रिलिकवाल्यांना घाम गाळावा लागतो.

आणि उलट्या बाजूनेही नातं आहे. क्विनॅक्रिडोन रंग ड्यूपाँटने १९५८ मध्ये बाजारात आणले आणि गाड्यांच्या पेंटमध्ये ते खूप चालले, कारण उन्हात टिकतात. त्यातलं क्विनॅक्रिडोन गोल्ड वॉटरकलरवाल्यांचं फार लाडकं, गंजाच्या सोनेरी कडांना तर अगदी तेच. पण गाडीवाल्यांनी तो रंग घेणं कमी केलं आणि २००० सालच्या आसपास त्याचं उत्पादनच बंद पडलं, चित्रकारांच्या चिमूटभर मागणीसाठी कोण कारखाना चालवणार! डॅनियल स्मिथ या रंगांच्या कंपनीने उरलेला साठा उचलून अजून बरीच वर्षं ओढली, आज त्या नावाच्या ट्यूबमध्ये दोन दुसऱ्या रंगांचं मिश्रण असतं, जुने लोक लगेच नाक मुरडतात.

विषयही आटत चाललाय. १९८०च्या दशकापासून बऱ्याच कंपन्या जस्ताचा थर दिलेला पत्रा वापरायला लागल्या, बंपर प्लास्टिकचे झाले, त्यामुळे नवी गाडी सहजासहजी तशी सुंदर गंजत नाही. आपल्याकडे मात्र माल भरपूर आहे, कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात जा, जप्तीच्या जीप, टेम्पो, स्कूटर वर्षानुवर्षं उभ्या, स्टिअरिंगवर वेल चढलेली. फक्त स्केचबुक उघडायच्या आधी आत जाऊन ठाणे अंमलदारांना विचारा, तो मुद्देमाल असतो.