निखळलेला दात रुमालात नको, दुधात आणा

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे पडून निखळलेले जे दात आले, ते बहुतेक कागदाच्या पुडीत किंवा रुमालात आले. एका आईने तर मुलाचा दात मिठाने घासून, पांढराशुभ्र करून, डबीत कापसावर ठेवून आणला होता. तिने जिवापाड काळजी घेतली होती. पण त्या घासण्यातच दात पुन्हा रुजण्याची शक्यता निघून गेली, आणि हे तिला सांगताना आम्हाला फार जड गेलं. म्हणून हे पत्रक.

शेवाळलेल्या पाखाडीवरून घसरणं, घाटातल्या वळणावर मोटरसायकल आडवी होणं, आंबे काढताना फांदी मोडणं, दहीहंडीचा सराव. कारणं दरवर्षीची तीच, आणि चूकही तीच.

दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ, ओलसर आवरण असतं. दात निखळला की त्याचा काही भाग मुळावरच राहतो, आणि त्यातल्या पेशी जिवंत असतात. दात पुन्हा धरतो तो त्यांच्याच जोरावर. कोरड्या हवेत ६० मिनिटं गेली की त्या जवळजवळ सगळ्या मरतात. त्यानंतरही आम्ही दात बसवतो, तो दिसतोही चांगला, पण हाड मुळाला थेट चिकटतं आणि पुढच्या काही वर्षांत मूळ हळूहळू खाऊन टाकतं. वाढत्या वयाच्या मुलात शेजारचे दात खाली सरकत राहतात, हा मात्र तिथेच अडकतो आणि आखूड दिसू लागतो. कोपनहेगनच्या आंद्रेआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा बसवलेल्या ४०० दातांचा पाठपुरावा करून १९९५ साली निष्कर्ष मांडले. पडल्या जागीच लगेच बसवलेले दात सगळ्यांत चांगले टिकतात, हे त्यातून स्पष्ट झालं.

तेव्हा पहिला उपचार तुमच्याच हातात आहे. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने विसळा. दूध नसेल तर नळाच्या थंड पाण्याखाली जेमतेम १० सेकंद धरा. घासू नका, पुसू नका. मग गुळगुळीत बाजू ओठाकडे ठेवून दात त्याच्या खाचेत हलकेच बसवा आणि स्वच्छ रुमाल दातांत धरून चावायला सांगा. फोन केलात तर बसवेपर्यंत आम्ही बोलत राहू. धीर होत नसेल तर पेलाभर थंड दुधात टाका आणि निघा. पिशवीचं दूध कुठल्याही टपरीवर मिळतं. गरम दूध नको. साध्या पाण्यातही ठेवू नका, त्यात पेशी फुगून फुटतात. खाडीपलीकडच्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण फेरीबोटीची वाट पाहण्यातच वेळ जातो.

आता नेहमीचा प्रश्न: दारात माड आहे, शहाळ्याचं पाणी चालेल का? प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर संशोधनही झालंय. २००८ साली भारतातल्याच संशोधकांना नारळाच्या पाण्यात या पेशी दुधापेक्षाही चांगल्या टिकलेल्या आढळल्या. पुढे ब्राझीलमधल्या प्रयोगात उलट निकाल आला आणि दूध सरस ठरलं. नारळपाणी आंबटसर असतं, पेशींना ते मानवत नसावं. म्हणून आमचं सांगणं असं की दूध मिळत असेल तर दूधच. मोठ्या माणसाला तेही मिळत नसेल, तर वाटीत थुंकी जमवून त्यात दात ठेवावा.

दुधाचा दात मात्र परत बसवू नका. खाली वाढत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. सहा वर्षांखालच्या मुलाचा पुढचा दात बहुधा दुधाचाच असतो. तरी तपासून घ्या.

तासापेक्षा जास्त वेळ गेला म्हणून दात टाकून देऊ नका. असा दातही बसवला तर हाडाची जागा राखली जाते आणि पुढे कृत्रिम दात बसवणं सोपं जातं.

ओठ फाटला तर जखमेत हळद किंवा कॉफी पूड भरू नका, स्वच्छ कपडा दाबून धरा. पूड काढण्यात आमचा बराच वेळ जातो आणि पेशंटलाही जास्त दुखतं. दातावर दात नीट बसत नसेल, हनुवटीवर मार लागून कानाजवळ दुखत असेल किंवा खालचा ओठ बधिर झाला असेल, तर जबडा मोडल्याची शंका धरा आणि सूज उतरण्याची वाट पाहू नका. मोडलेला जबडा जोडायला टायटॅनियमच्या पट्ट्या बसवण्याचं ऑपरेशन आम्ही भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जाऊन करतो. बेशुद्ध पडलेल्या किंवा उलट्या होत असलेल्या माणसाला मात्र आधी मोठ्या रुग्णालयात न्या, दात नंतर पाहू.

काहीजण विचारतात, दात बसवला तर मग रूट कॅनाल कशाला, आणि पुन्हा पुन्हा का बोलावता? मूळ पूर्ण वाढलेल्या दाताची आतली नस तुटलेली असते. ती दोन आठवड्यांच्या आत काढली नाही तर तिथून जंतुसंसर्ग सुरू होतो आणि मूळ झिजतं. आधाराची तारही आम्ही मुद्दाम लवचीक आणि सुमारे दोनच आठवडे ठेवतो, कारण पक्की घट्ट बांधली तर हाड चिकटण्याचा धोका वाढतो. मग चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष असं तपासणं भाग असतं. या तपासण्यांची फी आम्ही पहिल्या वर्षी घेत नाही, फक्त एक्स-रेचा खर्च घेतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते आठवून या. कबड्डी आणि गोविंदा पथकातल्या मुलांसाठी दातांचं माप घेऊन माउथगार्ड बनवून देतो. ते बाजारातल्या तयार गार्डपेक्षा घट्ट बसतात आणि बोलता येतं. माप द्यायला दहीहंडीच्या आदल्या दिवशी येऊ नका, निदान आठवडाभर आधी या. फोन नंबर मागच्या पानावर आहे. रात्रीही उचलतो.