रुईच्या झुडपापाशी अर्धा तास

कॅमेरा घेऊन टेकडीवर येणाऱ्यांचं लक्ष सहसा वर असतं, पक्ष्यांकडे. वाटेच्या कडेची रुई मागे पडते. ती उकिरड्यावरही उगवते, गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि माणसांना तिची आठवण येते ती शनिवारी, मारुतीच्या माळेपुरती. पण कीटक बघायला नुकतीच सुरुवात केली असेल आणि हातात फक्त मोबाइल असेल, तर पाऊस सरताना एखाद्या फुललेल्या रुईपाशी अर्धा तास थांबावं. नुसत्या पायपिटीतून मिळणार नाही एवढं तिथे बघायला मिळतं.

याचं कारण रुईच्या चिकात आहे. त्यात हृदयाच्या स्नायूवर परिणाम करणारी कार्डेनोलाइड नावाची विषारी द्रव्यं असतात. बहुतेक प्राणी या पानांच्या वाटेला जात नाहीत. ज्या मोजक्या कीटकांना ही पानं पचतात, त्यांना ताटात वाटेकरी उरत नाही. शिवाय त्यांतले काही हे विष अंगात साठवून स्वतःच कडू होतात. मग लपायचं कशाला? उलट भडक रंग मिरवायचे, म्हणजे एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा फिरकत नाही. फोटो काढणाऱ्याचं यात फावतं, कारण हे कीटक सहजी पळून जात नाहीत.

प्लेन टायगर, म्हणजे बिबळ्या कडवा, हे फुलपाखरू त्यातलंच. मादी बहुधा पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडं घालते, म्हणून पान न तोडता अलगद उलटून बघायचं. अळी पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. खायला बसण्याआधी ती पुष्कळदा पानाची मधली शीर किंवा देठ कुरतडते. त्यामुळे चीक तिथेच गळून जातो आणि पुढच्या भागात कमी पोचतो. विष तिला चालतं, चिकटपणा चालत नाही. लहान अळीचं तोंडच त्यात चिकटून बसायचं. अर्धवट कापलेल्या देठावर लोंबणारं पान दिसलं, की अळी जवळपास शोधावी.

मोठ्या फुलपाखराचा फोटो मात्र विचार करून काढावा लागतो, कारण त्याचा एक तोतया आहे. छोटा चांदवा, इंग्रजीत डेनेड एगफ्लाय. याचा नर काळा, पंखांवर जांभळ्या कडेचे पांढरे ठिपके. मादी मात्र थेट प्लेन टायगरसारखी नारिंगी. ती कडू नसते. तिच्या अळ्या घोळाच्या भाजीवर वाढतात. तरी पक्षी फसतात आणि ती वाचते. दोघींतला फरक मागच्या पंखावर दिसतो: खऱ्या प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यात तीन किंवा चार काळे ठिपके असतात, तोतयाच्या वरच्या कडेजवळ एकच. (तीन ठिपके असले तर मादी, चार असले तर नर. चौथा ठिपका ही नराची गंधग्रंथी.) वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, या तोतयाचं नाव बरीच वर्षं होतं, घोळावर वाढणाऱ्या फुलपाखराला हा मान कसा मिळाला, याची गंमत वाटते.

म्हणून माझा आग्रह असा की आधी ओळख पटवणारा फोटो काढावा, देखणा नंतर. पंख मिटलेले एक, उघडे एक, आणि ज्या झाडावर बसलंय त्याचं एक. मागची पार्श्वभूमी धूसर झालेला सुरेख फोटो पुष्कळदा नेमका मागचा पंख दाखवत नाही. सकाळी लवकर जावं. ऊन अंगात मुरेपर्यंत कीटक मंद असतात. आपली सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नये.

फुलांवर काळा मोठा भुंगा येतो. रुईचे पराग सुटे नसतात, पिशव्यांच्या जोड्यांत बंद असतात. मध पिताना भुंग्याचा पाय फुलातल्या बारीक फटीत सरकतो आणि बाहेर निघताना चिमट्यासारखी जोडी अडकवून आणतो. फोटो मोठा करून पाय पाहा, पिवळट पिशव्या लोंबताना दिसू शकतात.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक कीटक, असतो. जवळपास सगळ्या माद्याच, नराशिवाय थेट पिल्लं देणाऱ्या. त्यांच्यात एखादी फुगलेली, तपकिरी, हलत नसलेली दिसली, तर तिच्या आत गांधीलमाशीच्या एका चिमुकल्या भाईबंदाची अळी वाढत असते. पाठीवर गोल भोक असलं तर ती अळी माशी होऊन बाहेर पडून गेली. ढालकिडेही (लेडीबर्ड) इथेच मावा खाताना सापडतात.

पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा रुईवरचा नाकतोडा दिसला, तर फोटो काढा पण पकडू नका. विशेषतः पिल्लू डिवचलं की कडवट द्रवाची पिचकारी मारतं. रुईच्या चिकाबाबत तर गंमत नाही. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येऊन नजर अंधुक होते, आणि दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पान हाताळल्यावर डोळे चोळू नका. गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे जा.

काढलेले फोटो तारीख आणि जागेसह आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकता येतात. आयनॅचरलिस्टवर ओळख सांगणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत झालं, की नोंद संशोधनाला वापरण्याजोगी धरली जाते. प्लेन टायगरचे नर शोधायचे असतील, तर रुईवरून निघून खुळखुळ्याच्या वाळलेल्या किंवा मोडलेल्या झुडपापाशी जा. मादीला भुलवणारा गंध बनवायला लागणारी अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींतली कडू रसायनं, ते तिथे चाटतात, आणि त्यात इतके गुंग असतात की फोन अगदी जवळ नेला तरी हलत नाहीत.