दुपारचं ऊन, रात्री साडेदहाला

सौदी अरेबियातल्या ‘द लाइन’ या नियोजित शहराचे व्हिडिओ अजूनही फिरत असतात. १७० किलोमीटर लांब, ५०० मीटर उंच, बाहेरून आरसे, आत ९० लाख माणसं आणि मोटार एकही नाही. खाली ‘भविष्य आलं!’ छापाच्या प्रतिक्रिया. असले व्हिडिओ बघताना मला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे भिंत किती जाड आहे आणि कशाची आहे. ती सोडून बाकी सगळं सांगतात.

वाळवंटात दाटीने वसलेलं, मोटारीवाचून चालणारं, जवळपास एकाच इमारतीत मावणारं शहर ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या उत्तरेला साधारण ११० किलोमीटरवर, आर्कोसांती नावाची वस्ती १९७० पासून हीच कल्पना उभी करू पाहते आहे. आराखडा होता ५,००० लोकांचा. आज तिथे फार तर शंभरेक माणसं राहतात. म्हणजे शहर म्हणून हा प्रयोग फसला, असं खुशाल म्हणावं. पण तिथल्या इमारती मात्र एका भौतिक तत्त्वाचा इतका सुंदर पाठ देतात, की मला त्यांच्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

वस्तीचे जनक वास्तुविशारद पाओलो सोलेरी. जन्म १९१९, इटलीतलं तोरिनो. १९४० च्या दशकात ते नामवंत अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे शिकायला ॲरिझोनात आले, मधे इटलीला परतले, आणि १९५६ मध्ये फिनिक्सजवळ कायमचे स्थिरावले. तिथे त्यांनी अर्धं जमिनीत बुडालेलं एक घर बांधलं. ते बांधायची पद्धत अशी, की आधी घराच्या आतली पोकळी मातीने भरून घ्यायची, वर छत ओतायचं आणि मग माती उपसून काढायची.

आर्कोसांतीचे बरेच भाग अशाच पद्धतीने घडले. तिथल्या कार्यशाळेला येणारे लोक बहुतेक हौशी. विद्यार्थी, नुकतेच नोकरी सोडलेले, कधी हातात फावडं न धरलेले. वर शिकण्यासाठी फी भरून राबणारे. आजवर सात-आठ हजार लोकांनी तिथे अशी मजुरी केली आहे. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर सुरू होतं, कारण दुपारी सळईला हात लावायची सोय नसते.

ओलसर गाळमाती टाकायची, धुम्मसाने ठोकून घट्ट करायची आणि हव्या त्या छताच्या आकाराचा ढीग करायचा. ढिगावर चाकूने, बोटांनी नक्षी कोरायची. इथे डोकं उलटं चालवावं लागतं, कारण मातीत कोरलेली खाच काँक्रीटमध्ये उंचवटा होऊन येते. नवखा माणूस नेमका इथेच गडबडतो. मग कोरलेल्या भागावर रंगाची पूड पसरायची, ती काँक्रीटच्या खालच्या अंगाला कायमची चिकटते. वर सळ्यांची जाळी बांधायची आणि काँक्रीट घालायचं. ते पुरेसं कडक झालं की खालून माती खोदायला लागायचं. जसजशी माती निघते, तसतसं वर कोरलेलं रंगीत छत दिसू लागतं. सेंटरिंगला फळी नाही की खिळा नाही, आणि तीच माती पुढच्या कामाला परत वापरता येते.

गाळमातीच का, तर कणांच्या आकारामुळे. गाळाचे कण साधारण ०.००२ ते ०.०६ मिलिमीटरचे असतात. त्यांच्यामधल्या फटींत पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. वाळूचे कण मोठे, त्यांच्यातली ओढ तोकडी, म्हणून कोरलेली कड ढासळते. चिकणमातीचे कण फार बारीक, ती सुकताना आकसते आणि भेगाळते. गाळ या दोघांच्या मधला, कोरला तर टिकतो आणि काम झालं की सुटतोही.

जाता जाता, काँक्रीट ‘वाळून’ घट्ट होतं हा समज अजून जात नाही. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं. वाळवंटी हवेत पाणी लवकर उडालं तर ही क्रिया अर्धवट राहते आणि काँक्रीट कच्चं राहतं. म्हणून तिथे ओतलेल्या कामाला ओलं ठेवणं हे ओतण्याइतकंच महत्त्वाचं.

आता आकार. तिथल्या दोन प्रसिद्ध इमारती, मातीच्या वस्तू घडवायची आणि ब्राँझ ओतायची, पाव गोलाच्या आहेत. पोकळ गोल आडवा कापून वरचा अर्धा घ्यायचा, तो पुन्हा उभा कापायचा आणि उघडी बाजू दक्षिणेकडे करायची. अशा आकाराला अ‍ॅप्स म्हणतात. आर्कोसांती ३४ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. त्यामुळे २१ जूनच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७९ अंशांवर असतो आणि २१ डिसेंबरच्या आसपास ३२ अंशांवर. समजा अ‍ॅप्सची कमान १० मीटर उंच आहे. शाळेतली त्रिकोणमिती वापरली, तर जूनमध्ये दुपारचं ऊन तोंडापासून जेमतेम २ मीटर आत येतं. डिसेंबरमध्ये ते १५-१६ मीटर आत जाऊ शकतं, म्हणजे थेट मागच्या भिंतीवर आपटतं. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन. मोटर नाही, सेन्सर नाही, ॲप नाही.

सावली समजायला सोपी. खरी गंमत पुढे आहे.

‘जाड भिंत उष्णता अडवते’ असं आपण सगळेच म्हणतो. हे चूक आहे. उष्णता अडवण्याच्या बाबतीत काँक्रीट अगदी सुमार. ३० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत जेवढा विरोध करते, तेवढा थर्माकोलचा ७ मिलिमीटरचा पत्रा करतो. सात मिलिमीटर! तरीही जाड भिंतीच्या घरात दुपारी गारवा लागतो, हा तर अनुभव आहे. मग भिंत करते काय?

भिंत वेळ खाते. आग विझवताना माणसांची रांग लावून बादल्या हातोहात पुढे दिल्या जातात, तशी रांग मनात आणा. फरक एवढाच, की या रांगेतला प्रत्येक जण आधी स्वतःचा हंडा भरून घेतो आणि मगच उरलेलं पुढे देतो. भिंतीचा प्रत्येक थर आधी स्वतः तापतो, मग पुढच्याला तापवतो. शेवटच्या माणसापर्यंत पाणी पोहोचेस्तोवर रांगेच्या सुरुवातीला पुरवठा थांबलेला असतो, म्हणजे सूर्य मावळलेला असतो. आता पहिल्या माणसाचा हंडा उलट दिशेने, बाहेरच्या थंड रात्रीत, रिकामा होऊ लागतो. त्यामुळे आत पोहोचणारी उष्णता उशिरा पोहोचते आणि थोडीच पोहोचते.

किती उशिरा, किती थोडी, हे नेमकं काढता येतं. एखाद्या पदार्थातून तापमानाचा बदल किती चपळाईने पसरतो, याचं माप म्हणजे त्याची औष्णिक विसरणशीलता. पदार्थ उष्णता जितकी सहज वाहून नेतो तितकी ती जास्त, आणि स्वतःत जितकी साठवतो तितकी कमी. काँक्रीटसाठी ती सेकंदाला साधारण ०.८ चौरस मिलिमीटर. तिला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणा, पायने (π, म्हणजे ३.१४ ने) भागा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं सुमारे १५ सेंटिमीटर. ही काँक्रीटची ‘दैनिक खोली’ (किती खोल, ती खोली) समजा.

या खोलीचा नियम असा. प्रत्येक १५ सेंटिमीटरला तापमानाचा चढउतार घटून ३७ टक्के उरतो, आणि लाट ३ तास ४९ मिनिटं मागे पडते. ३७ टक्के हे e या संख्येचा व्यस्तांक म्हणून, आणि ३ तास ४९ मिनिटं म्हणजे २४ तास भागिले २π. (ज्यांना e चा कंटाळा आहे त्यांनी हे वाक्य सोडून पुढे जावं, काही अडणार नाही.) म्हणजे ३० सेंटिमीटर आत चढउतार जेमतेम सातवा हिस्सा उरतो, आणि उशीर साडेसात तासांवर जातो. बाहेरचा पृष्ठभाग दुपारी ३ वाजता सर्वांत तापला असेल, तर आतल्या थराला ती ‘दुपार’ रात्री साडेदहाला कळते. त्या वेळी बाहेर वाळवंट गार पडलेलं असतं आणि खिडकी उघडली की काम होतं. ४५ सेंटिमीटरला उशीर साडेअकरा तास. तिथे भिंतीच्या आत मध्यरात्र उलटून गेल्यावर दुपार होते.

हे गणित अमर्याद जाडीच्या पदार्थासाठी आहे. खऱ्या भिंतीला दुसरी बाजू असते, तिथून उष्णता खोलीत सुटते, त्यामुळे आकडे थोडे सरकतात. गाभा तोच राहतो.

त्या वर्गमुळात मात्र एक मेख आहे. लाटेचा काळ वाढला की खोलीही वाढते, पण वर्गमुळाच्या हिशेबाने. आठवडाभराची उष्णतेची लाट असेल तर १५ सेंटिमीटरचे ४० होतात, म्हणजे दिवसाला पुरून उरणारी ३० सेंटिमीटरची भिंत आठवड्याच्या लाटेपुढे हात टेकते. आणि वर्षाची लाट, म्हणजे उन्हाळा-हिवाळा? ३६५ चं वर्गमूळ १९ च्या आसपास, तेव्हा खोली जवळपास ३ मीटर, उशीर ५८ दिवस. सोलेरींनी १९५६ चं घर अर्धं जमिनीत का पुरलं, ते इथे कळतं. जमिनीत दीड-दोन मीटर खाली दिवस-रात्र तर जाणवतच नाही, ऋतूही महिनाभर उशिरा आणि बऱ्यापैकी शांत होऊन येतो.

अशा गोल, कोरीव, घंटा लटकवलेल्या जागांमध्ये लोकांना लगेच ‘ऊर्जा’ जाणवू लागते. गाडीने तासाभराच्या अंतरावर सेडोना आहे. तिथल्या लाल खडकांत पृथ्वीच्या ऊर्जेचे भोवरे आहेत, असं सांगून सहली विकल्या जातात. असे भोवरे आजवर कोणत्याही उपकरणाने मोजलेले नाहीत. आर्कोसांतीच्या ब्राँझच्या घंटांनाही कुणीकुणी ‘कंपनांचा’ महिमा चिकटवतात. त्या घंटा वाळूच्या साच्यात, हजार अंश सेल्सिअसहून जास्त तापलेल्या धातूतून ओतल्या जातात आणि विकल्या जातात. वस्तीचा खर्च बराचसा त्यांच्यावर चालतो, हाच त्यांचा महिमा. द्रष्ट्या माणसाची मूर्ती करण्याचंही तेच. सोलेरी २०१३ मध्ये वारले. २०१७ मध्ये त्यांच्या मुलीने त्यांच्याकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल जाहीरपणे लिहिलं. भिंतीचं गणित ती कुणी बांधली यावर अवलंबून नसतं, आणि चांगल्या भिंतीमुळे बांधणाऱ्याला माफीही मिळत नाही.

भिंतीलाही मर्यादा आहेत. एक तर सिमेंट. ते करताना चुनखडी भाजावी लागते आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वस्तुमानाच्या जोरावर गारवा देणारी इमारत ही किंमत आधीच मोजून बसलेली असते. दुसरं, पाव गोलाचं तोंड उघडं असतं, त्यामुळे हिवाळ्याच्या रात्री तापमान शून्याखाली गेलं की साठवलेली उष्णता भिंतीला थोपवून धरता येत नाही. उतारावर हरितगृहांचा लांब पट्टा बांधायचा आणि त्यातली गरम हवा आपोआप वर चढून घरांत शिरेल, अशी योजना होती. त्यातला फार थोडा भाग प्रत्यक्षात आला.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. ही सगळी युक्ती रात्रीच्या थंडाव्यावर उभी आहे. भिंत दिवस-रात्रीची सरासरी काढते. ती सरासरीच सुखद नसेल तर भिंत काय करणार? आर्कोसांती समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे. उन्हाळ्यात दुपारी ३५ च्या पुढे गेलेला पारा पहाटे विशीच्या आसपास उतरतो. सरासरी सहन होते. दमट किनारपट्टीवर हवेतली वाफ रात्रीची उष्णता निसटू देत नाही. तिथे हेच घर बांधलं तर रात्री साडेदहाला येणारी दुपार झोप उडवेल. ‘पारंपरिक जाड भिंती सगळीकडे चांगल्या’ म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या गावातलं पहाटेचं तापमान बघावं.

खाली फिनिक्समध्ये तर हेच तत्त्व माणसांच्या विरोधात काम करतं. ते आर्कोसांतीपेक्षा जवळपास ८०० मीटर खाली, म्हणून पाच-एक अंशांनी जास्त गरम. शिवाय लाखो टन काँक्रीट आणि डांबर दिवसभर तापून रात्री उष्णता सोडतं. ३० जून ते ३० जुलै २०२३ असे सलग ३१ दिवस तिथे कमाल तापमान ४३.३ अंश किंवा त्याहून वर गेलं. तो विक्रम सगळ्यांनी छापला. त्याच जुलैत सलग १६ दिवस पहाटेचं किमान तापमानही ३२ अंशांखाली आलं नाही, हे मात्र कमी ठिकाणी वाचायला मिळालं. अशा रात्री भिंतीतला हंडा रिकामाच होत नाही आणि सकाळचं ऊन त्याच्यावर पुन्हा भर घालतं. तिथे गारव्यासाठी वर्गमूळ पुरत नाही. बाहेरून उष्णतारोधकाचा जाड थर लावून वस्तुमान उन्हापासून तोडावं लागतं, किंवा मग एसी.