सेबलच्या मागावर: रशिया पूर्वेकडे कसा पसरला

उरल पर्वतापलीकडचा अफाट मुलूख मॉस्कोच्या हाती कसा आला, हे सांगताना आधी सेबल या प्राण्याचं नाव घ्यावं लागतं. मांजराहून लहान जनावर, पण त्याच्या दाट, मऊ कातड्याला युरोपात आणि चीनमध्ये मोठा भाव होता.

1552 मध्ये मॉस्कोचा झार इव्हान चौथा याने व्होल्गाकाठचं तातारांचं कझान शहर घेतलं आणि पूर्वेची वाट मोकळी झाली. पुढची पहिली मोठी चढाई मात्र मिठाच्या धंद्यात गबर झालेल्या स्ट्रोगानोव्ह घराण्याने पदरी ठेवलेल्या कोसॅकांची, म्हणजे स्वतंत्र बाण्याच्या लढवय्यांची. त्यांचा म्होरक्या येर्माक. 1582 मध्ये त्याने सायबेरियाचा तातार शासक कुचुम खान याची राजधानी जिंकली आणि 1585 मध्ये तो इर्तिश नदीत बुडून मेला. वाट मात्र पडून गेली होती. माणसं नद्यांमधून जात, एका नदीतून दुसरीत जाताना नावा जमिनीवरून ओढून नेत आणि मोक्याच्या जागी लाकडी गढी उभी करत. 1587 मध्ये तोबोल्स्क, 1632 मध्ये याकुत्स्क. 1639 मध्ये मोस्कवितिन नावाच्या कोसॅकाची टोळी थेट पॅसिफिकला लागून असलेल्या ओखोत्स्कच्या समुद्राला जाऊन भिडली.

गढी उभी राहिली की ‘यासाक’ सुरू. हा कर कातड्यांत भरायचा. तो बुडू नये म्हणून खांती, एवेंकी, याकूत या तिथल्या मूळ जमातींच्या प्रमुखांची माणसं गढीत डांबून ठेवत. या ओलिसांना रशियन लोक म्हणत ‘अमानत’. शब्द आपलाच वाटतो ना? मूळ एकच, अरबी. आपण ठेव म्हणून पैसे ठेवतो, तिथे माणसं ठेवली जात. कर आणणाऱ्याला सरकारातून मणी, सुरी, कथलाची भांडी असं काहीबाही ‘भेट’ म्हणून मिळे. त्यामुळे वसुली कुठे संपते आणि व्यापार कुठे सुरू होतो, हे सांगणं अवघड. भरीला देवीची साथ आली. हा रोग तिथे नवा होता, वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या.

एका खोऱ्यातलं सेबल संपलं की टोळ्या पुढच्या खोऱ्यात. चीनशी सरहद्द आणि व्यापार ठरवणारे दोन करार झाले, 1689 मध्ये नेर्चिन्स्कचा आणि 1727 मध्ये क्याख्ताचा. क्याख्ताच्या बाजारात कातडी देऊन चहा घेतला जाई. 1741 मध्ये बेरिंगची मोहीम अलास्काला पोचली आणि समुद्री ऊदमांजराच्या कातड्याचा नवा हव्यास लागला. पण ते पकडायचं कसब अलास्काजवळच्या बेटांवरच्या ॲल्यूट लोकांचं. म्हणून त्यांच्या बायकामुलांना ओलीस धरून पुरुषांना कातडी होड्यांतून शिकारीला पाठवत. शिकाऱ्यांच्या पोटासाठी स्टेलरची समुद्री गाय इतकी मारली गेली, की शोध लागल्यापासून 27 वर्षांत ती नामशेष झाली.

सायबेरियाच्या ईशान्य टोकाच्या चुकची लोकांनी मात्र दाद दिली नाही. त्यांच्यावरच्या मोहिमांचा तळ असलेली अनादिर नदीवरची गढी शेवटी रशियनांनाच सोडावी लागली.

1867 मध्ये झारने अलास्का 72 लाख डॉलरला अमेरिकेला विकला. करारात तिथल्या रशियन रहिवाशांना मायदेशी परतण्याची मुभा होती. मूळ रहिवाशांचा उल्लेख ‘असंस्कृत जमाती’ असा आहे. त्यांना अमेरिका वेळोवेळी करील ते कायदे लागू.