बस (ध्वनिसंपादन)

ध्वनी किंवा व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक ट्रॅकचा (प्रत्येक गळ्याच्या किंवा वाद्याच्या वेगळ्या ध्वनिपट्टीचा) आवाज जिथे येऊन मिसळतो, त्या मार्गाला बस म्हणतात. बसवर स्वतःचे काही रेकॉर्ड झालेले नसते. ती फक्त बेरीज असते. सगळ्या बस शेवटी मुख्य बसमध्ये उतरतात आणि तिच्यातून फाइल तयार होते. पूर्व विदर्भात वरच्या बांधीचे (बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याचे) पाणी धानाच्या खालच्या बांधीत सोडतात, तसाच हा उतार. एसटीच्या बसचे आणि हिचे मूळही एकच: ‘सर्वांसाठी’ या अर्थाचा लॅटिन शब्द ओम्निबस. ध्वनीच्या मिक्सरवर तो विजेच्या बसबारमार्गे, म्हणजे अनेक जोडण्यांना वीज पुरवणाऱ्या धातूच्या पट्टीमार्गे आला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भात गावोगावी पोचलेले खंजिरी भजन घेतले की बसचे काम चटकन कळते. मुख्य गायक, मागून म्हणणारे, पेटी, तबला, खंजिरी, टाळ असे सगळ्यांचे वेगळे ट्रॅक आहेत असे समजू. तबला, खंजिरी आणि टाळ एका ताल बसमध्ये वळवले, की एकाच फेडरने (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांडीने) सगळा ठेका वरखाली करता येतो. पण बसवर लावलेला कॉम्प्रेसर, म्हणजे आवाज मोठा झाला की तो आपोआप दाबणारे साधन, बेरीज ऐकतो. खंजिरीवर जोरात थाप पडली की तबलाही दबतो. खंजिरीच्या चकत्यांचा कर्कशपणाही तिच्याच ट्रॅकवर कमी करावा. बसवर केला तर टाळ मुका होतो.

इकोसाठी वेगळी सोय असते. आउटपुट म्हणजे ट्रॅकचा सगळा आवाज त्या मार्गाने जाणे. सेंड म्हणजे मूळ आवाज जागेवर ठेवून त्याची एक प्रत पाठवणे. इकोची एकच बस करून प्रत्येक गळ्याची प्रत हवी तेवढी तिच्यात सोडतात. त्या बसवर फक्त इको ठेवायचा, मूळ आवाज नाही. सेंड फेडरच्या आधीचा असेल तर गायकाचा आवाज पूर्ण खाली नेला तरी इको घुमतच राहतो. (आपल्याकडे इको मुळातच सढळ हाताने घालतात, ती गोष्ट वेगळी.)

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे ट्रॅक बसमध्येही आणि थेट मुख्य बसमध्येही जोडलेला राहणे. तोच आवाज दोनदा मिळाला की पातळी ६ डेसिबलने चढते. एका वाटेला किंचित उशीर झाला तर तो नळकांड्यातून आल्यासारखा पोकळ लागतो.

नावे सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतात. प्रीमिअर प्रोमध्ये सबमिक्स ट्रॅक असतो. रीपरमध्ये कोणताही ट्रॅक बस होऊ शकतो.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाचा व्हिडिओ करताना संवाद, संगीत आणि प्रेक्षक अशा तीन बस पुरतात. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्यामुळे प्रेक्षकांतला माइक रंगमंचापासून ३० मीटरवर असेल, तर त्यात रंगमंचावरचा आवाज सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा येतो. बसमध्ये सोडण्याआधी तो ट्रॅक तेवढा अलीकडे सरकवावा लागतो. अडचण बहुधा याच्याही आधीची असते: मंडपातल्या मिक्सरमधून एकच केबल काढून रेकॉर्डिंग केलेले असते. मग सगळे आधीच कालवलेले असल्याने बसमध्ये वळवायला वेगळे ट्रॅक उरतच नाहीत.